न्याय्य युद्धाचे नियम आपल्याच बाजूला लावले तर

१९५६ साली ऑक्सफर्ड विद्यापीठानं अमेरिकेचे माजी राष्ट्राध्यक्ष हॅरी ट्रूमन यांना मानद पदवी द्यायचं ठरवलं. असे ठराव एरवी कुणी काही न बोलता मंजूर होतात. या वेळी मात्र एलिझाबेथ अ‍ॅन्सकम नावाच्या ३७ वर्षांच्या तत्त्वज्ञानाच्या अध्यापिका उभ्या राहिल्या आणि त्यांनी विरोध केला. हिरोशिमा आणि नागासाकीवर बॉम्ब टाकायचा निर्णय या माणसाचा, आणि निरपराध लोकांना ठार मारून आपला हेतू साधणं म्हणजे खून, मग तो कितीही मोठ्या माणसानं केलेला असो. इतकं सरळ त्यांचं म्हणणं होतं. साथ देणारे हाताच्या बोटांवर मोजण्याइतके निघाले. जूनमध्ये ट्रूमन आले आणि पदवी घेऊन गेले. त्यानंतर अ‍ॅन्सकमबाईंनी आपली बाजू मांडणारी एक पुस्तिका स्वतःच छापली. पदवीच्या समर्थकांचा एक युक्तिवाद असा होता की ट्रूमन यांनी काही एकट्यानं बॉम्ब बनवले नव्हते, हुकमाच्या कागदाखाली सही तेवढी त्यांची होती. पुस्तिकेत त्याची त्यांनी यथेच्छ टर उडवली आहे.

हे वाचून कुणालाही वाटेल, बाई शांतिवादी असणार. तसं अजिबात नव्हतं. शांतिवाद त्यांना चुकीचा तर वाटायचाच, वर घातकही वाटायचा. कारण सगळंच युद्ध पाप आहे असं एकदा माणसाच्या डोक्यात बसलं की युद्धात पडल्यावर तो म्हणतो, पाप तर घडणारच आहे, मग सैनिक मेला काय आणि पाळण्यातलं मूल मेलं काय. निरपराध रक्त आणि हल्लेखोराचं रक्त यातली रेघच पुसली जाते. युद्ध कधीकधी करावं लागतं, म्हणूनच त्यात काय कदापि करायचं नाही हे आधी ठरलेलं पाहिजे, असा हा विचार आहे. ख्रिस्ती विचारात त्याला 'न्याय्य युद्धा'ची परंपरा म्हणतात, आणि अ‍ॅन्सकम यांच्या वेळी ती दीडएक हजार वर्षांची झाली होती.

या परंपरेबद्दल एक सरसकट समज आहे की राजांना लढाया करायला मोकळीक मिळावी म्हणून पाद्र्यांनी काढलेली ही पळवाट. त्यात तथ्य नाही असं नाही. पण मला तिची खरी किंमत दुसरीकडेच दिसते. आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचं ते कार्टं ही युद्धातली सर्वात जुनी नीती. तिला छेद देणारे, म्हणजे आपल्याच सरकारला आणि आपल्याच विमानांना हे नियम लावून दाखवणारे थोडे लोक या परंपरेतून निघाले. त्यांना धरूनच ही सगळी भानगड समजून घेणं सोपं जातं.

सुरुवात अर्थात येशूपासून. डोंगरावरच्या प्रवचनात तो सांगतो, उजव्या गालावर कुणी मारलं तर डावा पुढे कर; शत्रूवर प्रीती कर. त्याला धरायला लोक येतात तेव्हा त्याचा शिष्य पेत्र तलवार उपसतो, आणि येशू त्याला ती म्यान करायला सांगतो. इसवी सन २०० च्या सुमारास उत्तर आफ्रिकेतल्या टर्टुलियन या ख्रिस्ती लेखकानं यावरून लिहिलं की प्रभूनं पेत्राची तलवार काढून घेतली तेव्हाच प्रत्येक सैनिकाचा कमरपट्टा सोडवला. पण त्याच नव्या करारात रोमन शताधिपती, म्हणजे शंभरेक सैनिकांवरचा अधिकारी, येशूकडे येतो, तेव्हा येशू त्याला नोकरी सोड म्हणत नाही, उलट त्याच्या विश्वासाचं कौतुक करतो. आणि पौल रोमकरांना लिहितो की सत्ताधारी तलवार उगीच बाळगत नाही. म्हणजे दोन्ही बाजूंना आधार सापडतो.

प्रत्यक्षातही दोन्ही प्रकारचे ख्रिस्ती होते. इसवी सन २९५ मध्ये आजच्या अल्जीरियातल्या तेबेसा इथं मॅक्सिमिलियन नावाच्या २१ वर्षांच्या मुलाला सैन्यभरतीसाठी उभं केलं गेलं. त्याचा बाप माजी सैनिक. मुलगा म्हणाला, मी ख्रिस्ती आहे, मला सैनिक होता येणार नाही. प्रोकॉन्सुल, म्हणजे प्रांताचा रोमन राज्यपाल, दिऑननं त्याची समजूत घातली: अरे, सम्राटांच्या खास पहाऱ्यातसुद्धा ख्रिस्ती सैनिक आहेत, ते करतात ना नोकरी? मुलाचं उत्तर होतं, त्यांचं त्यांना ठाऊक. त्याच दिवशी त्याचा शिरच्छेद झाला. चर्चनं त्याला संत मानलं, आणि पहाऱ्यावरच्या सैनिकांनाही बाहेर काढलं नाही.

चौथ्या शतकात सम्राटच ख्रिस्ती झाले आणि प्रश्नच बदलला. तोवर राज्य दुसऱ्याचं होतं, तलवार दुसऱ्याच्या हातात होती. आता सीमेवर चालून येणाऱ्या टोळ्यांचं काय करायचं हे ठरवणारेच चर्चमध्ये पुढच्या रांगेत बसू लागले. ३९० साली थेस्सलनीकात दंगल झाली म्हणून सम्राट थिओडोसियसच्या सैन्यानं तिथल्या हजारो लोकांची कत्तल केली. मिलानचा बिशप अँब्रोज, जो आधी स्वतः प्रांताचा राज्यपाल होता, त्यानं सम्राटाला जाहीर प्रायश्चित्त घेईपर्यंत प्रभुभोजन, म्हणजे चर्चमधला भाकर-द्राक्षारसाचा विधी, नाकारलं. तलवार मान्य, पण तिचा जाब द्यावा लागेल, ही त्याची भूमिका.

अँब्रोजच्या हातून बाप्तिस्मा घेतलेला ऑगस्टीन हा या विचाराचा मूळपुरुष मानला जातो. त्यानं युद्धावर वेगळा ग्रंथ लिहिला नाही. पत्रांत, वादांत, 'देवाचे नगर' या ग्रंथात विखुरलेली वाक्यं आहेत, ती पुढच्यांनी गोळा केली. युद्धात वाईट काय, असा प्रश्न करून तो म्हणतो, कधी ना कधी मरणारच असलेली माणसं मेली एवढंच ते वाईट नव्हे. खरं वाईट म्हणजे क्रौर्याची आवड, सूडाची तहान आणि सत्तेचा हव्यास. म्हणजे हातात तलवार आहे की नाही यापेक्षा मनात काय आहे याकडे त्याची नजर.

यातून एक विचित्र निष्कर्ष निघतो. स्वतःचा जीव वाचवण्यासाठी खासगी माणसानं हल्लेखोराला मारणं ऑगस्टीनला मान्य नाही. दुसऱ्याला वाचवण्यासाठी, राज्याच्या अधिकारानं, सैनिकानं मारणं मान्य आहे. आपल्या कानांना हे उलटं वाटतं. चालून आलेल्या आततायीला मारण्यात दोष नाही हा मनुस्मृतीतला दाखला टिळकांनी 'गीतारहस्या'त अहिंसेच्या अपवादांची चर्चा करताना दिला आहे, आणि बहुतेकांना तो पटतो. ऑगस्टीनचं म्हणणं असं की स्वतःच्या जिवासाठी मारण्यात त्या जिवाची आसक्ती असते. शेजाऱ्यासाठी मारण्यात निदान प्रेम असू शकतं. पटो न पटो, एवढं खरं की त्याच्या लेखी युद्ध स्वसंरक्षणाच्या हक्कातून निघत नाही. ते दुसऱ्यावरच्या जबाबदारीतून निघतं, तेही जड मनानं. तो ४३० साली मरणाच्या दारी होता तेव्हा त्याच्या हिप्पो शहराला व्हँडल या जर्मानिक टोळीचा वेढा पडलेला होता.

हे जड मन पुढे व्यवहारात कसं उतरलं याचा एक नमुना मला फार आवडतो. १०६६ च्या हेस्टिंग्जच्या लढाईत नॉर्मंडीच्या विल्यमनं इंग्लंड जिंकलं. त्याला पोपचा पाठिंबा होता. तरी लढाईनंतर काही वर्षांत नॉर्मन बिशपांनी विजयी सैनिकांसाठी प्रायश्चित्ताचं एक पत्रकच काढलं, आणि पोपच्या दूतानं त्यावर शिक्कामोर्तब केलं. आपण माणूस मारला हे ज्याला नक्की ठाऊक आहे त्यानं प्रत्येक मेलेल्यामागे एक वर्ष. जखमी केलं, पण मेला की जगला माहीत नाही, त्याला प्रत्येकामागे ४० दिवस. किती मारले याचा हिशेबच नाही, त्यानं बिशपच्या मर्जीनुसार उरलेलं आयुष्य आठवड्यातून एक दिवस प्रायश्चित्त करावं, किंवा चर्च बांधावं. तिरंदाजांची अडचण वेगळी, कारण आपला बाण कुणाला लागला हे त्यांना कळणंच शक्य नाही. त्यांना ४०-४० दिवसांचे तीन उपवासकाळ ठोक. जिंकलेल्या, पोपनं उचलून धरलेल्या युद्धातून परतलेल्या माणसालाही चर्चमधल्या मिस्सेच्या उपासनेआधी रक्ताचा हिशेब द्यावा लागत होता.

आणि मग जेमतेम पंचवीस-तीस वर्षांत सगळं उलटं झालं. १०९५ साली फ्रान्समधल्या क्लेरमाँच्या सभेत पोप अर्बन दुसरे यांनी जेरुसलेमच्या मोहिमेची हाक दिली. सभेचा ठराव असा, की मानासाठी किंवा पैशासाठी न जाता केवळ भक्तीनं जो जाईल त्याला तो प्रवासच सगळ्या प्रायश्चित्ताच्या जागी धरला जाईल. ज्या कृत्यासाठी प्रायश्चित्त घ्यायचं तेच प्रायश्चित्त झालं. १०९९ मध्ये जेरुसलेम पडलं तेव्हा शहरात काय झालं हे ख्रिस्ती इतिहासकारांनीच लिहून ठेवलं आहे. न्याय्य युद्ध आणि धर्मयुद्ध यांत लोक नेहमी गल्लत करतात. फरक इथं आहे. पहिल्यात युद्ध हे दुःखानं करायचं काम, दुसऱ्यात ते पुण्यकर्म.

तेराव्या शतकात थॉमस अ‍ॅक्वायनस या धर्मपंडितानं ऑगस्टीनची विखुरलेली वाक्यं तीन अटींत बसवली: युद्ध अधिकृत सत्तेनं पुकारलेलं हवं, त्याला न्याय्य कारण हवं, आणि लढणाऱ्याचा हेतू शुद्ध हवा. शेवटचाच उपाय, यशाची वाजवी आशा, होणारी हानी आणि मिळणारं हित यांचं प्रमाण, निःशस्त्रांना न मारणं ही आज पाठ्यपुस्तकांत दिसणारी यादी त्यानंतर वाढत गेली. १५३९ मध्ये स्पेनमधल्या सालामांकाचा, डोमिनिकन या धर्मसंघातला अध्यापक फ्रान्सिस्को दे व्हितोरियानं व्याख्यानांत स्पष्ट सांगितलं की दुसऱ्याचा धर्म वेगळा असणं हे युद्धाचं कारण होऊ शकत नाही, आणि राज्य वाढवणं हेही नाही. स्पेनचे शिपाई तेव्हा मेक्सिको आणि पेरू गिळून बसले होते, म्हणजे बोलणं घरच्यांविरुद्धच होतं. अर्थात त्याच व्याख्यानांत त्यानं स्पेनला तिथं राहण्यासाठी इतर काही सबबीही शोधून दिल्या. पूर्ण सुटका कुणाचीच नाही.

हेतू आणि परिणाम

अ‍ॅक्वायनसनं आणखी एक गोष्ट मागे ठेवली, आणि विसाव्या शतकात सगळा वाद तिच्यावर फिरला. एका कृतीतून दोन परिणाम निघू शकतात, एक आपल्याला हवा असलेला आणि दुसरा नको असलेला पण टाळता न येणारा. नको असलेला परिणाम आपलं साधन नसेल आणि तो हव्या असलेल्या हिताच्या मानानं अवाजवी नसेल, तर कृती चालू शकते. याला दुहेरी परिणामाचं तत्त्व म्हणतात. दारूगोळ्याच्या कारखान्यावर बॉम्ब टाकला आणि शेजारच्या चाळीतली माणसं मेली, हे भयंकर आहे, पण लक्ष्य कारखाना होता.

यात पाणी कुठे मुरतं हे लगेच दिसतं. कुणीही म्हणेल, माझा हेतू शुद्ध होता. म्हणून एक कसोटी लावतात. समजा चमत्कार झाला आणि चाळीतली सगळी माणसं वाचली. वैमानिकाला काय वाटेल? कारखाना उडवायला गेलेला म्हणेल, बरं झालं. पण लोक मरावेत, बेघर व्हावेत म्हणूनच जो गेला त्याची मोहीम फसली. १४ फेब्रुवारी १९४२ ला ब्रिटिश हवाई दलाला जो आदेश मिळाला त्यात लक्ष्य म्हणून जर्मन नागरिकांचं, विशेषतः कारखान्यांतल्या कामगारांचं मनोधैर्य स्पष्ट लिहिलेलं होतं. इथं सुक्याबरोबर ओलंही जळत नव्हतं. ओलं जाळायचाच बेत होता.

जुलै १९४३ मध्ये हॅम्बर्ग पेटवलं. आगीचं वादळ उठलं आणि तीस हजारांहून जास्त माणसं मेली. मोहिमेचं नाव होतं 'गमोरा'. बायबलमध्ये देव सदोम आणि गमोरा ही पापी शहरं आग पाडून नष्ट करतो, त्यावरून. नाव ठेवणाऱ्यानं त्याआधीची पानं उलटली नसावीत. तिथं अब्राहाम देवाशी चक्क घासाघीस करतो: दुष्टांबरोबर नीतिमानांनाही मारणार का? पन्नास नीतिमान असले तर? पंचेचाळीस? तीस? शेवटी दहावर सौदा ठरतो, दहा नीतिमान सापडले तर शहर सोडीन.

ऐन युद्धात याविरुद्ध बोलणारा माणूस हिटलरचा मित्र नव्हता. चिचेस्टरचे बिशप जॉर्ज बेल जर्मनीतून पळालेल्या निर्वासितांसाठी झटत होते, हिटलरविरोधी पाद्री डीट्रिख बोनहोफर त्यांचा जवळचा मित्र होता. ९ फेब्रुवारी १९४४ ला बेल ब्रिटिश संसदेच्या वरिष्ठ सभागृहात उभे राहिले आणि त्यांनी सरकारला विचारलं, अख्खी शहरं पुसून टाकायचं हे धोरण आपण कुठल्या तत्त्वावर चालवतो आहोत? कारखाने आणि तळ यांना त्यांचा आक्षेप नव्हता. त्याच वर्षी काही महिन्यांनी कँटरबरीच्या आर्चबिशपची, म्हणजे इंग्लंडच्या चर्चमधल्या सर्वोच्च धर्मगुरूची, जागा रिकामी झाली, ती त्यांना मिळाली नाही. हे भाषण नडलं असं आजही बोललं जातं. अमेरिकेत त्याच वर्षी जॉन फोर्ड या येशूसंघी धर्मगुरूनं दुहेरी परिणामाचं तत्त्व लावून हाच निष्कर्ष काढला: शहरातल्या लाखोंना मारणं हा 'नको असलेला परिणाम' आहे असं म्हणणं म्हणजे डोळ्यांत धूळफेक.

नियमांचा उपयोग झाला का? ९ ऑगस्ट १९४५ ला नागासाकीत बॉम्ब फुटला तो उराकामी भागावर, जिथं जपानमधली सर्वात मोठी कॅथलिक वस्ती होती. कॅथेड्रलमध्ये त्या वेळी धर्मगुरू लोकांचं पापनिवेदन ऐकत होते. ते सगळे गेले. पॅसिफिकमधल्या ज्या तिनियन बेटावरून विमान उडालं तिथं जॉर्ज झाबेल्का नावाचे कॅथलिक धर्मगुरू वैमानिकांची आध्यात्मिक काळजी घेत होते. नागरिकांना मारणं पाप आहे असं त्या मुलांना मी एकदाही प्रवचनात सांगितलं नाही, असं त्यांनी पुढे जाहीरपणे कबूल केलं.

ट्रूमनच्या बाजूनं नेहमी दिलं जाणारं उत्तर आकड्यांचं: जपानवर सैन्य उतरवलं असतं तर याहून कितीतरी जास्त माणसं मेली असती. अ‍ॅन्सकम यांनी हे नाकारलं नाही. परिस्थिती तशी होती हे धरलं तर जीव वाचले असतील, म्हणाल्या. पण परिस्थिती तशी कुणी केली? बिनशर्त शरणागतीशिवाय काहीच नको हा हट्ट कुणाचा? आणि हिशेब जुळतो म्हणून निरपराधांना मारायचं असेल तर मग कुठलंच कृत्य निषिद्ध उरत नाही.

अधलामधला मार्ग अमेरिकी तत्त्वज्ञ मायकल वॉल्झर यांनी १९७७ मध्ये सुचवला. ते म्हणतात, नागरिकांना लक्ष्य करायचं नाही हा नियम पक्का, पण एखाद्या समाजाचं अस्तित्वच संपायची वेळ आली, आणि तीही अगदी तोंडाशी, तर तो मोडावा लागेल, आणि मोडणाऱ्याचे हात मळलेलेच राहतील. १९४० मध्ये एकटं पडलेलं ब्रिटन त्या अवस्थेत होतं. हॅम्बर्ग, ड्रेस्डेन, हिरोशिमाच्या वेळी मित्रराष्ट्रं नव्हती. अमेरिकी तत्त्वज्ञ जॉन रॉल्स यांनीही १९९५ मध्ये जवळपास हेच मांडलं. ते स्वतः पॅसिफिकमध्ये पायदळात लढले होते, त्यांची गाडी हिरोशिमाच्या अवशेषांतून गेली होती, आणि पाद्री व्हायचा विचार असलेल्या या तरुणाची श्रद्धा त्याच युद्धात गेली. मला वॉल्झर यांचा अपवाद माणूस म्हणून समजतो, पण नियम म्हणून त्याची भीती वाटते. आपली वेळ आलीच आहे असं कुठल्या सरकारला वाटत नाही?

शिपायानं काय करायचं

आतापर्यंत आपण राजे, बिशप, सेनापती यांच्याबद्दल बोललो. युद्धाला प्रत्यक्ष जाणारा माणूस वेगळा असतो.

फ्रान्झ येगरश्टेटर हा ऑस्ट्रियातल्या सांक्ट राडेगुंड गावचा शेतकरी. १९३८ मध्ये ऑस्ट्रिया जर्मनीला जोडण्यावर मतदान झालं तेव्हा गावात विरोधात पडलेलं एकमेव मत त्याचं होतं. सैन्यात बोलावणं आलं तेव्हा त्यानं लढायला नकार दिला. शुश्रूषेचं काम करायची मात्र तयारी होती. तो शांतिवादी नव्हता. हे विशिष्ट युद्ध अन्यायाचं आहे, एवढंच त्याचं म्हणणं. लिंत्सच्या बिशपांनी त्याला समजावलं की युद्धाचं बरंवाईट ठरवणं हे तुझं काम नाही, तुला बायको आहे, तीन मुली आहेत. ९ ऑगस्ट १९४३ ला त्याचा शिरच्छेद झाला. २००७ मध्ये त्याच लिंत्सच्या कॅथेड्रलमध्ये चर्चनं त्याला 'धन्य' घोषित केलं, ही संतपदाच्या आधीची पायरी. त्याची पत्नी फ्रान्झिस्का ९४ व्या वर्षी तिथं हजर होती.

बिशपांचं म्हणणं निव्वळ भ्याडपणाचं होतं असंही नाही. ऑगस्टीननंच लिहून ठेवलं होतं की राजाचा हुकूम चुकीचा असला तरी आज्ञा पाळणारा शिपाई निर्दोष राहू शकतो. आजचा आंतरराष्ट्रीय कायदाही यावरच उभा आहे: युद्ध कुणी सुरू केलं याचा जाब नेत्यांना, सैनिकानं फक्त लढण्याचे नियम पाळायचे, दोन्ही बाजूंचे सैनिक त्या दृष्टीनं सारखे. वॉल्झर यांनाही हे मान्य आहे. पण जेफ मॅकमॅहन यांच्यासारखे अलीकडचे तत्त्वज्ञ विचारतात, घरफोड्याला अडवणाऱ्या घरमालकावर घरफोड्यानं गोळी झाडली तर तेही स्वसंरक्षण म्हणायचं का? मग गणवेश चढवल्यानं हे गणित कसं बदलतं? व्हितोरियानं तर चारशेहून अधिक वर्षांपूर्वीच म्हटलं होतं की युद्ध अन्यायाचं आहे अशी प्रजाजनाची खात्री असेल तर राजानं हुकूम दिला तरी त्यानं लढू नये.

चर्चची भाषाही हलली आहे. १९६५ मध्ये कॅथलिक चर्चच्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनं अख्खी शहरं सरसकट नष्ट करणं हा देवाविरुद्ध आणि मानवाविरुद्ध गुन्हा ठरवला. बेल आणि अ‍ॅन्सकम यांचं म्हणणं अधिकृत झालं. २०२० मध्ये पोप फ्रान्सिस यांनी लिहिलं की आजच्या शस्त्रांच्या काळात 'न्याय्य युद्ध' होऊ शकतं असं म्हणणं फार अवघड झालं आहे. धर्मशिक्षणाच्या अधिकृत ग्रंथातल्या अटी मात्र तशाच आहेत. दुसऱ्या टोकाला, सप्टेंबर २०२२ मध्ये मॉस्कोचे पॅट्रिआर्क, म्हणजे रशियन ऑर्थोडॉक्स चर्चचे प्रमुख, किरील यांनी प्रवचनात सांगितलं की कर्तव्य बजावताना आलेलं मरण माणसाची सगळी पापं धुऊन टाकतं. क्लेरमाँची हाक ऐकलेल्याला हे ओळखीचं वाटलं असतं.

सरकारांना मात्र या परंपरेशी कसं वागायचं ते नीट कळलं आहे. क्वेकर किंवा मेनोनाइट पंथाचा माणूस म्हणतो, मी कुठल्याच युद्धात लढणार नाही. अमेरिकी कायदा त्याला सक्तीच्या भरतीतून सूट देत असे. व्हिएतनाम युद्धाच्या वेळी नेग्रे नावाचा एक कॅथलिक सैनिक कोर्टात गेला. तो म्हणाला, माझा धर्म मला प्रत्येक युद्ध वेगळं तपासायला सांगतो, हे मी तपासलं आणि मला ते अन्यायाचं वाटतं. मार्च १९७१ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानं आठ विरुद्ध एक मतानं निकाल दिला की सूट हवी तर विरोध सगळ्याच युद्धांना असला पाहिजे. निवडक विरोधाला सूट नाही.